निमआराम गाडी, अर्धं तिकीट

सरकारी मराठीतला मला मनापासून पटलेला शब्द एकच, तो म्हणजे ‘निमआराम’. ‘तातडीचे’ असा शिक्का मारलेली फाइल महिनाभर टेबलावर पडून असते हे मी नोकरीत स्वतः पाहिलंय. पण एसटीवाले निमआराम गाडी म्हणाले आणि त्यांनी खरोखर निम्माच आराम दिला. ना कमी, ना जास्त. चाळीस वर्षं मी तो घेते आहे, त्यामुळे दोन शब्द बोलायचा अधिकार मला पोहोचतो असं मी समजते.

गेल्या महिन्यात कराडला दादाकडे जायचं होतं. मुलगा म्हणाला, “आई, एसी गाडीचं काढून देतो.” म्हटलं, नको, मला निमआराम, म्हणजे आमची एशियाडच बरी. त्याला कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. त्याच्या लेखी ती ‘हिरकणी’. आमच्या पिढीला हिरकणी म्हटलं की रायगडाचा कडा उतरून बाळासाठी घरी गेलेली गवळण आठवते. गाडीला तिचं नाव दिलं हे छानच, घाट उतरणाऱ्या गाडीला याहून चांगलं नाव मिळणार नाही. पण तोंडात बसलंय ते एशियाडच. आणि ही माझीच खोड आहे असं नाही. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीशी माझ्यापुढे उभा असलेला पंचविशीतला मुलगाही “कोल्हापूरची एशियाड लागली का?” असंच विचारत होता. एशियाड म्हणजे काय असं त्याला विचारलं असतं, तर बहुतेक “गाडीचं नाव” एवढंच सांगितलं असतं.

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १९८२ साली, १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, दिल्लीत आशियाई खेळ झाले. मी तेव्हा एकवीस वर्षांची. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एकाच घरी टीव्ही होता आणि या स्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपणाचा एवढा बोलबाला झाला की त्या घरच्यांनी जुना संच काढून रंगीत आणला. पी. टी. उषानं दोन रौप्यपदकं मिळवली ती आम्ही वीस-पंचवीस जणांनी त्यांच्या माजघरात दाटीवाटीनं बसून पाहिली. अप्पू नावाचा हत्ती, त्या खेळांचं शुभचिन्ह, सगळीकडे होता, पाटीवर, डब्यावर, वहीवर. त्या खेळांच्या निमित्तानं खेळाडूंची ने-आण करायला आपल्या एसटीच्या खास आरामशीर गाड्या दिल्लीला गेल्या होत्या. खेळ संपले, अप्पू लोक विसरले, आणि गाड्या परत येऊन दादर-पुणे रस्त्यावर धावायला लागल्या. कागदोपत्री त्या निमआराम. लोकांनी नाव ठेवलं एशियाड. दिल्लीत ज्या कामासाठी भलीमोठी स्टेडियमं उभी राहिली, त्या कामाचं नाव महाराष्ट्रात एका बसच्या कपाळी कायमचं चिकटलं. दादर पूर्वेला आजही माणसं ‘एशियाड स्टँड’ असा पत्ता सांगतात.

त्या आधीची एसटी आठवते तुम्हाला? लाल डबा. एका बाजूला तीन, एका बाजूला दोन अशी बाकं. तिघांच्या बाकावर मधल्याचे हाल, कडेच्याचा एक पाय कायम वाटेत. बाकाची पाठ इतकी ठेंगणी की डुलकी लागली की मान थेट शेजाऱ्याच्या खांद्यावर. मी त्या गाडीला नावं ठेवत नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटीच्या याच साध्या गाड्यांनी महाराष्ट्राची पोरं शाळेत नेली, लेकी माहेरी आणल्या आणि भाजी बाजारात पोहोचवली. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे नुसतं बोधचिन्हापुरतं नव्हतं. पण हित वेगळं आणि सुख वेगळं. हिताची सोय १९४८ मध्ये झाली. मांडी घालून नाही, पण निदान पाय नीट ठेवून बसायचं सुख यायला एशियाड यावी लागली.

एशियाडनं काय केलं, तर दोन-दोनची बाकं केली आणि पाठ उंच केली. झालं. एवढंच. डोकं टेकता यायला लागलं आणि आपल्याला आपला असा एक आकडा मिळाला. जागा क्रमांक १७ म्हणजे १७. त्या जागेवर रुमाल टाकायला खिडकीतून कुणाला चढवावं लागत नाही, कुणाशी हुज्जत नाही. एकट्यादुकट्या बाईला या आकड्याचं मोल काय होतं ते पुरुषांना सांगून कळायचं नाही.

१९८४ मध्ये मला फोर्टातल्या एका कार्यालयात टंकलेखिकेची नोकरी लागली आणि दादरच्या एका वसतिगृहात खाट. पुढची बारा वर्षं शनिवारी संध्याकाळी दादर-पुणे आणि रविवारी उशिरा पुणे-दादर. आगगाडीचं वेळापत्रक ठरलेलं. दख्खनची राणी फोर्टातून धावत गाठावी तर ऑफिसातला साहेब नेमका शेवटचं पत्र सांगायला घ्यायचा. एशियाडचं तसं नव्हतं. एक गाडी हलली की दुसरी लागायची. कार्यालयातून कितीही वाजता सुटले तरी आज घरी पोहोचणार हे नक्की, आणि त्या वयात हा फार मोठा धीर होता. चेंबूरच्या मैत्री पार्कला दहा-बारा जण चढायचे, वाशीच्या पुलावर खाडीचा वारा यायचा, पनवेल ओलांडलं की दिवे मालवले जायचे. खोपोलीला वडा-चहा. मग बोरघाट. घाटात शिंगरोबाचं देऊळ लागलं की बरेच चालक खिडकीतून नाणं टाकायचे. या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा आहे. कथा खरी असो-नसो, आम्ही प्रवासीसुद्धा बसल्या जागी हात जोडायचो, कारण पुढचं सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणि देवाच्या मर्जीवर. चार-साडेचार तासांत पुणे. पावसाळ्यात घाटात ट्रक आडवा झाला तर काही सांगता यायचं नाही.

तेव्हाचा वाहक म्हणजे खांद्याला चामडी पाकीट, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंच. तो टिकटिक आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. सुटे नसले की तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचा आणि उतरताना ती मागायची आठवण आपणच ठेवायची. वाहकाला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. माझ्या मैत्रिणीच्या खेडमधल्या आत्यानं तर एका मास्तरांना “कितवीला शिकवता?” असं विचारलं होतं.

मग काळ बदलला. नवा द्रुतगती मार्ग झाला, आणि २००२ च्या सुमारास दादर-पुण्याला शिवनेरी आली. व्होल्वो कंपनीची, वातानुकूलित, मागे इंजिन, आत आवाज म्हणून नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा विमानात बसल्यासारखं वाटलं हे कबूल करते. एशियाडचा तो खास राजमार्ग होता, तिथं ती मागे पडली. आणि पुढे खालूनही तिची जागा आक्रसली, कारण साध्या लाल गाडीतही ‘परिवर्तन’ नावाखाली दोन-दोनची बाकं आली. वर शिवनेरी, खाली परिवर्तन. मधल्या भावंडाची घरात जी गत होते तीच हिची. २०१७ मध्ये शिवशाही आली, १ जून २०२२ ला पुणे-नगर याच जुन्या वाटेवर विजेवरची शिवाई धावली, २०२३ मध्ये ई-शिवनेरी. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता निमआरामाचा निकाल लागला. प्रत्येक वेळी ती नवा रंग लावून पुन्हा फलाटाला उभी.

आता प्रत्यक्ष गाडीबद्दल.

सकाळी सातच्या सुमाराची स्वारगेट-कोल्हापूर. हिरवा-पांढरा रंग, बाजूला ठसठशीत ‘हिरकणी’. माझा भाचा एसटीवेडा आहे. आपल्या कल्पनेपेक्षा अशी मुलं पुष्कळ आहेत, सुट्टीच्या दिवशी आगाराबाहेर उभं राहून गाड्यांचे फोटो काढतात. तो म्हणतो, मावशी, नंबर बघून गाडीचं माहेर सांगता येतं. एमएच १४ असेल तर दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली, एमएच २० म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे नागपूरचं हिंगणा. महामंडळ नुसती चासी घेतं आणि वरचा सांगाडा आपल्या कार्यशाळेत चढवतं, ही जुनी रीत. पूर्वी तो अॅल्युमिनियमचा असायचा, आता पोलादी. माझी गाडी १४ ची निघाली. म्हणजे दापोडीची, पुण्याची लेक. उगीचच बरं वाटलं.

आसनं मऊ आहेत, पण रुतून बसावं इतकी नाहीत. आमच्या वयाच्या कमरेला हे उलट चांगलंच, सोफ्यासारख्या आसनातून उठताना दोन माणसं लागतात. पाठ उंच. पाय ठेवायला जागा पाच फूट दोन इंचांच्या बाईला भरपूर. माझा सहाफुटी मुलगा असता तर त्यानं पाय वाटेत सोडले असते. वरच्या फळीवर माझी पिशवी आणि दादासाठी नेलेला आंब्यांचा करंडा नीट राहिला. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही पाटी जिथल्या तिथे. आमदारांची राखीव जागाही जिथल्या तिथे, त्यावर शाळेचा गणवेश घातलेली मुलगी झोपली होती. चालकाच्या मागे लोखंडी जाळी. दोरी ओढून डबल बेल दिली आणि गाडी हलली. बाकी जग काय वाटेल ते होवो, डबल बेल वाजली की मला सुटल्यासारखं वाटतं.

तिकिटाची गंमत सांगते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना सरसकट अर्धं तिकीट आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांनाही अर्धंच. मी आता दोन्हीत बसते. मास्तर तरुण होता. त्याला म्हटलं, “अरे, बाई म्हणून अर्धं माफ, म्हातारी म्हणून अर्धं माफ, मग फुकटच झालं की!” तो मशिनवर बोट ठेवून हसला. “मावशी, दोन अर्ध्यांचं एक होत न्हाई आमच्याकडं. आणखी धा वर्सं थांबा.” पंचाहत्तरीनंतर पूर्ण मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून. पैसे मोबाइलवरून दिले, कोडचा चौकोन मशिनवरच येतो. बाकी लिहून द्यायचा प्रश्नच मिटला. तिकिटाची पाठ कोरीच राहिली.

निम्मा आराम, निम्मं भाडं. हिशेब असा इतका जुळलेला मी आयुष्यात फारसा पाहिलेला नाही.

आता ही गाडी मी एसी गाडी सोडून का घेते त्याचं खरं कारण: खिडकी. सरकवायची काच. आपल्या हातानं, आपल्याला हवी तेवढी. शिरवळच्या पुढे खंबाटकीचा घाट चढताना (साताऱ्याकडे जाताना घाट, पुण्याकडे येताना बोगदा अशी तिथली जुनी वाटणी) मी काच पूर्ण उघडली. एप्रिलची सकाळ, ऊन अजून कोवळं. गाडीनं दुसरा गिअर टाकला आणि इंजिनाचा तो घुमारा छातीत लागायला लागला. समोर वाई-साताऱ्याकडचे डोंगर उघडे. एसी गाडीतून हेच डोंगर दिसतात, पण काळपट काचेआडून, चित्रातल्यासारखे, आणि पडद्याचा वास येत असतो. इथे गवत जळल्याचा वास आला, मग कुठे तरी गुऱ्हाळाचा. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतूनच कंदी पेढे घेतले आणि सुटे खिडकीतूनच परत आले. बंद काचेच्या गाडीत हा व्यवहार करून दाखवा.

आवाज आहे. तो लपवत नाही. काचा खडखडतात, गतिरोधकावर मागची बाकं उडतात, आणि फोनवर बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. पण मग शेजारचाही फोनवर बोलत नाही, हा फायदा धरा. मे महिन्यात दुपारी बारानंतर या गाडीत बसू नका, पत्रा तापतो आणि येणारा वाराच भाजतो. तेव्हा खुशाल एसी घ्या, मी हट्टी आहे पण वेडी नाही. रात्रीच्या लांबच्या प्रवासालाही मी हिला सुचवणार नाही. चार-पाच तास, दिवसाचा प्रवास, वाटेत एखादा घाट: ही तिची ताकद आणि तीच तिची हद्द.

लोक म्हणतात, खासगी ट्रॅव्हल्स घ्यायची, झोपून जायचं. घेतली होती. दोन वर्षांपूर्वी, नाव घेत नाही. बायपासवरच्या पुलाखाली रात्री साडेदहाला यायला सांगितलं, गाडी आली पाऊण वाजता. मधल्या वेळात फोन केला की “दहा मिनिटं, काकू.” अशी बारा वेळा दहा मिनिटं. वरची झोपायची फळी दिली होती, शिडी चढताना गुडघ्यानं जाब विचारला. पहाटे कराडच्या बाहेर महामार्गावरच उतरवलं, दादा सत्त्याहत्तराव्या वर्षी अंधारात टॉर्च घेऊन मला शोधत आला. त्याउलट एसटी गावात जाते, स्टँडात जाते. स्टँडवर दिवा असतो, बाकडं असतं, चहा असतो, आणि चौकशीला एक माणूस असतो. आरामाची व्याख्या करताना हे सगळं कुणी धरत नाही. आसन किती अंश मागे झुकतं तेवढंच मोजतात.

शिवनेरी-ई-शिवनेरीशी तुलना मी करणार नाही. ती दुसऱ्या पंक्तीची. मुंबईला जाताना मीही तीच घेते, द्रुतगती मार्गावर खिडकी उघडून मिळणार तरी काय, काँक्रीट आणि ट्रकचा धूर. खोपोलीचा वडा गेला, शिंगरोबा जुन्या रस्त्याला राहिला, २०२० च्या टाळेबंदीत घाटातला जुना अमृतांजनचा पूलही पाडला. त्या रस्त्यावरची एशियाड गेली याचं मला म्हणूनच फारसं वाईट वाटत नाही. तिच्यासाठी जो रस्ता होता तोच उरला नाही. सातारा-कराडकडे, कोकणात, महाबळेश्वराकडे अजून घाट आहेत, गावं आहेत, खिडकीशी काकड्या आणि ओल्या शेंगा घेऊन येणाऱ्या बायका आहेत. तिथे ही गाडी घरची वाटते.

आता गुण. पाच चांदण्यांपैकी किती, असा नियम असतो म्हणे. पाच देणार नाही, मग ‘निम’ शब्दाचा अपमान होईल. अडीच दिले तर कंजूषपणा होईल. साडेतीन देते. अर्धी चांदणी खिडकीसाठी आणि अर्धी त्या दोन अर्ध्यांचा हिशेब सांगणाऱ्या पोरासाठी.

जाणाऱ्यांसाठी जागेचं सांगून ठेवते. चाकावरची जागा घेऊ नका, आसनक्रमांक निवडतानाच मागचा भाग टाळा. सकाळी साताऱ्याकडे निघालात तर ऊन डावीकडून येतं, दुपारनंतर पुण्याला परतताना ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डावीकडूनच. तेव्हा जाता-येता दोन्ही वेळा चालकाच्या बाजूची खिडकी धरा. हे शहाणपण मला चाळीस वर्षांनी आलं आणि परतीच्या दिवशी मी ऐटीत ते दादाला सांगितलं, कारण तोही माझ्याबरोबर पुण्याला येणार होता, आधार कार्ड दाखवून, फुकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या आधी चढला आणि उजवीकडची खिडकी धरून बसला.